पाचातून तीन

छोट्या पाच मतांनी निवडून आला, आणि त्या दिवसापासून ताईच्या घशाखाली घास उतरेना.

खरं तर मिरवायचे दिवस होते. छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, बसला की खुर्चीला कुरकुरायला लावणारा, वॉर्डात ज्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात असा हा गृहस्थ ताईच्या लेखी अजून छोट्याच होता. नगरसेवक म्हणून ही त्याची दुसरी खेप. पहिल्या वेळी आठशे मतांनी आला होता, या वेळी पाच. मोजणी तीनदा झाली, तिन्ही वेळा पाचच. समोर उभी होती ती दातांची डॉक्टरीण; तिचं नाव घ्यायचे कष्ट कुणी घेत नसे, सगळे तिला दातवालीच म्हणत. दातवालीनं छोट्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला. छोट्याच्या माणसांनी गाड्यांचे भोंगे वाजवून गल्ल्या डोक्यावर घेतल्या. आणि ताई वृद्धाश्रमातल्या चादरींच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि धुवून आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसली.

या वृद्धाश्रमात तिला एकवीस वर्षं झाली होती. कागदोपत्री ती पर्यवेक्षिका. प्रत्यक्षात गोळ्यांच्या वेळा, चादरींचे वार, कुणाची कवळी कुणाच्या पेल्यात गेली आहे त्याचा शोध, दोन म्हाताऱ्यांचं खिडकी उघडी ठेवण्यावरून पेटलेलं भांडण, हे सगळं तिच्याच गळ्यात. अठ्ठेचाळीस माणसं तिथं राहत, आणि त्या अठ्ठेचाळीस जणांचं एकमेकांशी कशावरही एकमत होत नसे. एकच गोष्ट सोडून. ताई खोटं बोलत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

तिथंच तर सगळी गोची झाली होती.

झालं होतं असं. ज्यांना मतदान केंद्रापर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी निवडणूक कार्यालयाची माणसं मतपेटी घेऊन आश्रमात येतात. जेवणघरात टेबलं लावतात, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, त्यानं आपल्या विश्वासाचं एक माणूस सोबत घ्यायचं. मतदारानं कानात नंबर सांगायचा, सोबतच्यानं त्या नंबरापुढं शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची, आणि ‘सांगितलं तसंच केलं’ असं छापलेल्या कागदावर सही करायची. असे अकरा जण होते, आणि अकराही जणांनी ताईचंच नाव सांगितलं.

दातवालीचा माणूस तिथं बसला होता. त्यानं अधिकाऱ्याला हळूच सांगितलं, की या बाई दोन नंबरच्या उमेदवाराच्या सख्ख्या बहीण आहेत. अधिकाऱ्याचं पेन थांबलं. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला. मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले, सहा वर्षांपासून दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळे. आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावरचा पोरगा आजही दचकून उठावा.

“तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी माझ्या कागदाला हात लावायचा नाही,” मास्तर म्हणाले. “बहीण असेना का. तिला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो.”

दातवालीचा माणूस ओशाळून हसला. “ताईच असतील तर माझी काही हरकत नाही,” तो म्हणाला.

आणि ताईनं काय केलं? अकरापैकी आठ जणांचं अगदी सांगितलं तसं केलं. त्यातले बहुतेक छोट्याचेच होते. उरलेले तीन निघाले चार नंबरवाले, म्हणजे दातवालीचे. पहिले शिंपीकाका. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेलेली, एक हात लुळा. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट कागदावर टेकवलं. बोट थरथरत होतं, पण ते चारावर होतं. ताईला ते स्वच्छ दिसलं. पण ती स्वतःला म्हणाली, बोट हलतंय, त्यांना दोनच म्हणायचं असेल. आणि काका तिच्यावर सोपवून मान वळवून बसले, तेव्हा शिक्का दोनावर बसला. दुसऱ्या पोस्टातल्या बाई. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या, डोळे अजून लख्ख, पण हात इतके कापायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. त्यांनी कानात सांगितलं, “चार हं,” आणि भरवशानं तोंड दुसरीकडे फिरवलं. तिथं स्वतःला फसवायला बोट हलण्याची सबबसुद्धा नव्हती. पण एकदा चिखलात पाय गेला की दुसरा पाय फार जपत नाही कुणी. तिसरे मास्तर. ते म्हणाले, “चार नंबर. आणि शिक्का नीट मार. अर्धवट उठला तर मत बाद धरतात.”

ताईनं शिक्का नीट मारला. दोनावर.

का केलं म्हणाल, तर त्याच्या आदल्या संध्याकाळी छोट्या तिच्याकडे आला होता. आला की तो आधी काहीतरी खायला मागायचा. त्या दिवशी मागितलं नाही. पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, “ताई, या वेळी मी जातोय. मला वास येतोय. आणि गेलो तर मी करू काय? दुसरं येतंय काय मला?” त्याचा चेहरा अगदी सात वर्षांच्या पोरासारखा झाला होता. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती सोळाची. त्याला वाढवायचं म्हणून तिनं शाळा सोडली, लग्न उशिरा केलं, नवरा गेल्यावर आश्रमात नोकरी धरली तीही छोट्याच्या घरापासून चालत जाता येईल अशी. त्याचं रडणं थांबवायचं, हेच काम ती चौरेचाळीस वर्षं करत आली होती. आडोशामागं तिचा हात हलला तो त्या सवयीनं. तिनं स्वतःलाही हे सांगून पाहिलं. पण सवयीनं माणूस दार लावतो, दिवा मालवतो. आंधळ्या माणसाला फसवायला सवय पुरत नाही, हे तिला कळत होतं.

निकालानंतर तिनं एक हिशेब मनाशी धरला आणि तो सोडला नाही. छोट्या पाचनं आला. त्यात तीन मतं आपण चोरलेली. पाचातून तीन गेले, दोन उरले. म्हणजे आपण हे पाप केलं नसतं तरी छोट्या दोननं आलाच असता. म्हणजे दातवालीचं आपण काही नेलं नाही. चादरीच्या घड्या घालताना, गोळ्या वाटताना, पहाटे जाग आल्यावर ती हेच घोकायची. पाचातून तीन, दोन. पाप होतं, पण फुकट गेलेलं पाप होतं. बुडत्याला फळकूट मिळावं तशी ती त्या दोनाला धरून होती. तरी मास्तर “ताई, आज बाहेर ऊन आहे का गं?” असं विचारायचे, तेव्हा तिला त्यांच्याकडे बघवत नसे. ते तर तिच्याकडे बघूच शकत नव्हते, तरीसुद्धा.

निकालाच्या दहाव्या दिवशी छोट्याची आभारफेरी आश्रमात येणार होती. या बाबतीत मात्र त्याला मानलं पाहिजे. निवडून आल्यावर तोंड न दाखवणाऱ्यांपैकी तो नव्हता. दोन्ही वेळा तो गल्लीगल्लीत फिरला, दारोदारी हात जोडले, रिक्षावाल्यांच्या थांब्यावर गेला, गॅरेजमध्ये ग्रीसचे हात हातात घेतले. दुपारी चारला जेवणघरात चहा, बिस्किटं आणि चार शब्द, असं ठरलं होतं.

तो साडेतीनलाच आला. तो यायच्या आधीच ताईनं ठरवून टाकलं होतं. या माणसांसमोर उभं राहून त्यानं आभार मानायचे आणि त्याला काहीच माहीत नसावं, हे तिला सहन होईना. तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला चादरींच्या खोलीत नेलं.

“काय गं? काय झालं? कुणी गेलं का?” वृद्धाश्रमात घाईघाईनं बाजूला घेतलं की माणसाला हेच वाटतं.

“कुणी गेलं नाही. दार लाव.”

तिनं सगळं सांगितलं. एका दमात, कपाटाकडे तोंड करून. शिंपीकाका, पोस्टातल्या बाई, मास्तर. शेवटी ती वळली आणि म्हणाली, “मला माहितीये, तू दोननं आलाच असतास. तरी पण केलं ते केलंच ना.”

छोट्यानं एकच विचारलं, “तिघांनाही चारालाच द्यायचं होतं? नक्की?”

“नक्की.”

तो खिडकीकडे वळला. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकताना ताईला दिसला. एक, दोन, तीन करत तो पुढच्या बोटावर गेला आणि सहाव्या पेरावर थांबला. ताईच्या मनात उगाच येऊन गेलं, की पाचातून तीन काढायला एवढी पेरं कशाला लागतात? मग तो वळला. चेहऱ्यावर हसू होतं, पण सभेत चढवायचं असतं तसलं.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “दोननं आलोच असतो. कुणाचं काही नुकसान झालेलं नाही. विसरून जा.”

“मास्तरांना सांगू का मी?”

“वेडी आहेस का तू? म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला? आणि ताई, हे तू कुणाला म्हणजे कुणालाही बोलायचं नाहीस. डोळे पूस. चल, चहा निवतोय.”

लहानपणी त्याचे डोळे ती पुसायची. आता त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. ताईला भरून आलं. दहा दिवस उरावर असलेला धोंडा कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचलून धरल्यासारखं तिला वाटलं. जेवणघरात येऊन तिनं चहाबरोबर एक बिस्किट खाल्लं, आणि ते घशाखाली उतरलंही.

चार वाजता जेवणघर भरलं. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रांची शिट्टी, ‘कोण बोलतंय?’, ‘अजून कुणी नाही बोलत’, हा सगळा सोहळा आटोपल्यावर छोट्या उभा राहिला. तो बोलायला लागला की माणसांना बरं वाटायचं, ही देणगी त्याला होतीच. तो म्हणाला, तुमचे आशीर्वाद नसते तर मी आज घरी बसलो असतो. म्हणाला, बसचा थांबा अजून फाटकापर्यंत आला नाही हे मला माहीत आहे, पहिल्या वेळी शब्द दिला होता तो पुरा झाला नाही, या वेळी आधी थांबा आणि मगच मी. मागून कुणीतरी म्हणालं, “आम्ही असेपर्यंत आण म्हणजे झालं,” आणि सगळे हसले. छोट्याही हसला. मग तो म्हणाला, “एकेक मत काय असतं हे मला या वेळी कळलं. पाच मतं. ही पाच मतं मी जन्मात विसरणार नाही.”

ताई किटलीशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

“मी बोलू का?” मास्तरांचा आवाज आला. ते काठीवर भार देऊन उभे राहिले. छोट्याही एके काळी त्यांच्याच वर्गातला. त्यांनी उठायला काठी टेकली की तो आपोआप ताठ होई. आता तो नगरसेवक होता, तरी झालाच.

“छोट्या, तू माझा विद्यार्थी. गणितात तुला मी काठावर पास केलेलं, आठवतं ना?”

“आठवतं, सर.”

“तर तुझ्या तोंडावर सांगतो, मी तुला मत दिलेलं नाही. मी दातवालीला दिलं. पाच वर्षं मी थांब्याची वाट बघितली, मग म्हटलं जा.” पुन्हा हसू झालं. “पण मला हे सांगायचं नाही. मला सांगायचंय की ते मत टाकलं कुणी? तुझ्या बहिणीनं. माझ्याकडे डोळे नाहीत. ती दोनावर मारू शकत होती, माझ्या बापाला कळलं नसतं. सख्खा भाऊ उभा आहे, आणि बाईनं विरोधात शिक्का मारला. मी सांगितलं तिथं मारला. अशी माणसं आता शिल्लक नाहीत. निवडून तू आलास, पण टाळ्या मला तिच्यासाठी हव्यात.”

टाळ्या पडल्या. लुळ्या हातांच्या, सुजलेल्या सांध्यांच्या, अर्ध्यामुर्ध्या, पण मनापासून. शिंपीकाकांना दोन हातांनी टाळी वाजवता येत नव्हती. ते एका हातानं मांडीवर थापा मारत होते. पोस्टातल्या बाई तिच्याकडे बघून मान डोलवत होत्या. ताईला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ती किटलीचं झाकण काढून आत बघत राहिली. किटली रिकामी होती.

मास्तर अजून बसले नव्हते. शिकवायची हौस निवृत्तीनं जात नाही.

“आणि पाच मतं पाच मतं काय करतोस रे? जिंकलास पाचनं, पण वाचलास फक्त तीन माणसांमुळे. सांग बरं कसं?”

छोट्यानं चहाचा कप उचलला.

“इथंच तुझं गणित कच्चं. पाचाचा फरक आहे. तुझ्याकडचा एक माणूस उठून तिकडे गेला, तर तुझं एक कमी झालं आणि तिचं एक वाढलं. फरक दोनानं घटला. दोन गेले, चारानं घटला. तीन गेले, सहानं. पाचातून सहा गेले काय राहिलं? एकानं पडलास! तीन माणसं इकडची तिकडे झाली असती, तर आज इथं दातवाली उभी असती, आणि बिस्किटांच्या ऐवजी आम्हाला दात घासायचे ब्रश मिळाले असते.”

सगळे खदखदून हसले. ताईनं मान वर केली.

तिचं एक कमी आणि त्याचं एक वाढलं. घेतलेलं मत नुसतं घेतलेलं नव्हतं. ते दुसरीच्या ताटातलं काढून छोट्याच्या ताटात घातलेलं होतं. तीन मतं, सहाचा फरक. ते सहावं पेर. अंगठा जिथं थांबला होता ते. पाचातून तीन दोन नव्हतेच. ज्या दोनाला धरून ती दहा दिवस तरंगत होती ते दोन कुठं नव्हतेच. दातवाली एका मतानं निवडून आली होती, आणि तिला ताईनं पाडलं होतं.

आणि छोट्याला हे चादरींच्या खोलीतच कळलं होतं.

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो हसणाऱ्या माणसांबरोबर हसत होता. त्याची नजर तिच्यावर आली, क्षणभर थांबली आणि चहाच्या कपात गेली. ताईला दुसरं काही विचारायचं उरलं नाही. तिला राग आधी स्वतःचाच आला. चोरीची चोरी, वर हिशेबही धड येऊ नये. मग त्याचा आला, आणि तो स्वतःच्या रागाइतका मोठा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला छोट्याला एक मुस्काटात द्यावीशी वाटली.

निघताना छोट्यानं सगळ्यांचे हात हातात घेतले. शिंपीकाकांचाही घेतला. पोस्टातल्या बाईंना म्हणाला, “तब्येतीला जपा.” ताई त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली. गाडीचं दार त्यानं उघडलं तेव्हा ती म्हणाली, “तू पेरं मोजलीस. सहा.”

“ताई, हळू बोल.”

“तू हरलायस, छोट्या. एकानं हरलायस.”

त्यानं आजूबाजूला बघितलं. समोरच्या दुकानाच्या पायरीवर दोन माणसं उभी होती, त्यांना त्यानं हसून हात केला. मग तिच्या जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “मी तुला करायला सांगितलं होतं का? नाही ना? तू माझ्यासाठी केलंस. मग आता माझ्यासाठीच गप्प बस. तू बोललीस तर माझी खुर्ची जाईल, पण तू तुरुंगात जाशील. या वयात. विचार कर.” आणि मग, सवयीनंच बहुधा, त्याच्या तोंडून निघालं, “तुझे आभार कसे मानू तेच कळत नाही मला.”

दहा दिवस तो हे वाक्य दारोदारी म्हणत होता. गाडी वळली आणि गेली.

ताई फाटकाशी उभी राहिली. तुरुंगाची भीती तिला वाटली. न वाटायला ती काही दगड नव्हती. पण त्याहून भयंकर होतं ते तिच्या मागं होतं. आत ती गेली की मास्तर पावलांवरून ओळखतील, म्हणतील, “आलीस का? बस.” उद्याही म्हणतील. ते असेपर्यंत म्हणत राहतील. असल्या विश्वासाखाली रोज जगायचं, त्यापेक्षा तुरुंगातली चटई परवडली. तिनं पदर खोचला आणि ती आत गेली.

“आलीस का? बस,” मास्तर म्हणाले.

ती बसली नाही. “मास्तर, तुमचं मत मी दोनावर मारलं.”

मास्तरांनी कान तिच्याकडे केला. त्यांना ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. मग उरलेलं सांगितलं, शिंपीकाका आणि पोस्टातल्या बाई. पाचातून तीन दोन असं आपण धरून चाललो होतो, तेही सांगितलं. मास्तरांचा चेहरा तिच्या दिशेला होता, पण थोडा बाजूला, ती जिथं नव्हती तिथं बघत असल्यासारखा. त्यांच्या पापण्या दोन-तीनदा हलल्या.

“मी आत्ता पंचेचाळीस माणसांना तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या,” ते म्हणाले.

“हो.”

“तू वाजवू दिल्यास.”

ताईच्या तोंडून हुंदका निघाला. मास्तरांनी तो संपू दिला. समजूत घातली नाही, आणि रागावलेही नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. मग ते म्हणाले, “कागद आण. पेन आण. मी सांगतो, तू लिही.”

खिडकीपाशी त्यांचं छोटं टेबल होतं. ताई तिथं बसली. पत्र निवडणूक अधिकाऱ्याच्या नावे. मास्तर वर्गात श्रुतलेखन घालायचे तसं सांगत होते, शब्द सुटे करून, मध्ये थांबून. मी दृष्टिहीन असून माझे मत मी चार क्रमांकाच्या उमेदवारास देण्यास सांगितले होते. माझ्या सोबतीस असलेल्या व्यक्तीने ते दोन क्रमांकास दिले, असे तिने आज स्वतः कबूल केले आहे. तसेच खालील दोन मतदारांच्या बाबतीतही हेच घडले आहे. त्या दोघांची नावं ताईनं पूर्ण लिहिली. स्वतःचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासरच्या आडनावासकट ठळक अक्षरात लिहिलं. उमेदवाराशी नातं, असं मास्तर म्हणाले, तेव्हा तिचा हात थांबला. मग तिनं लिहिलं, सख्खी बहीण.

“झालं?”

“झालं.”

“वाच.”

तिनं वाचलं. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. संपल्यावर मास्तरांनी हात पुढं करून कागदाची कड चाचपली.

“हेच लिहिलंयस तू?”

“हो, मास्तर.”

“मला कसं कळायचं?”

टोमणा मारायचा म्हणून त्यांनी हे विचारलं नाही. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. ताईनं कागदाकडे बघितलं. अक्षर चांगलं होतं, शाई वाळत आली होती, आणि त्यावरचा शब्दन्‌शब्द खरा होता. ते त्यांना पटवून द्यायला तिच्याजवळ आता काहीही नव्हतं.

ती उठली आणि व्हरांड्यात गेली. पोस्टातल्या बाई खुर्ची उन्हात ओढून बसल्या होत्या.

“बाई, जरा आत येता का? मास्तरांना एक पत्र वाचून दाखवायचंय.”

“तुझा घसा बसलाय का?” बाईंनी हसून विचारलं, पण तेवढ्यात त्या उठल्याही. तीस वर्षं पत्रं हाताळलेलं माणूस, पत्र म्हटलं की अजून खुलायचं. “कुणाचं आलंय गं?”

“आलेलं नाही,” ताई म्हणाली. “जायचंय.”

तिनं बाईंना हाताला धरून खोलीत आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांच्या हातात कागद थरथरला असता, म्हणून तो टेबलावर सपाट ठेवून दोन्ही कडा स्वतःच्या बोटांनी धरल्या. बाईंनी घसा साफ केला आणि खिडकीवर गिऱ्हाइकाला वाचून दाखवावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. त्यांचं स्वतःचं नाव सहाव्या ओळीत होतं. ताईनं कडा सोडल्या नाहीत.